बस्त्यांवमामांची फी

साल एकोणीसशे साठ, होळीच्या आधीचा रविवार. ठरलेली फी: पाच नव्या पैशांचं एक पोस्टकार्ड. हजर तिघे: मी, अर्जदार म्हणून माझी धाकटी बहीण कुसुम, आणि टेबलापलीकडे बस्त्यांवमामा, वर काळा कोट, खाली लुंगी. "सायब टेबलाच्या वरच दिसता," हे त्यांचं त्यावरचं, कोट चढवण्याआधीचं स्पष्टीकरण.

मामा मुंबईच्या एका कंपनीत नोकरीच्या अर्जांचे लखोटे फोडायच्या कामावर होते. निवृत्त होऊन मालवणला आमच्या शेजारी राहायला आले, तरी नजर तीच राहिली. कुणालाही अर्ज लिहायचा असला की मामा कोट चढवून साहेब होत. कोट अंगात असेपर्यंत पुस्तकी मराठी. कोट खुंटीला गेला की मालवणी. बहुतेक अर्ज पहिल्याच ओळीला 'नामंजूर' होत. एकाने 'घरात नऊ माणसे खाणारी आहेत' असं लिहून आणलं, तर मामांनी विचारलं, "त्यांपैकी नोकरी कोणाला हवी आहे?"

कुसुम नवरा गेल्यावर माझ्याकडे आली होती. घरात तिला कुणी वावगं बोलत नव्हतं, पण ती पानावर दुसऱ्यांदा भात घेत नसे. मी आग्रह करून पाहिला, बायकोने करून पाहिला. "भूक नाय, दादा," एवढंच. देवगडला एका आंबा व्यापाऱ्याच्या गोदामात पेट्यांची नोंद ठेवायला माणूस हवा असल्याचं कळलं, तेव्हा अर्ज करते असं तीच म्हणाली.

मामांनी तिचा कागद वाचायला घेतला. 'मी अनाथ विधवा असून मेहेरबानांच्या दयेस पात्र आहे.' वाक्य मी सांगितलेलं होतं आणि मला ते चांगलं वाटलं होतं.

"नामंजूर. दया आमच्याकडे शिल्लक नाही. आपल्याला येतं काय?"

"काय येणा नाय," कुसुम खाली बघत म्हणाली.

मामांनी कोट काढून खुंटीला लावला. "गो बाय, घोवाच्या बागेत काय करी हुतंस?"

नवऱ्याच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरायची, असं तिने सांगितलं. सात हंगाम भरल्या, मुंबईहून नासक्या आंब्याची तक्रार एकदाही आली नाही. ते कसं, असं मामांनी विचारल्यावर तिने पहिल्यांदा मान वर केली.

"माका आंबो वासान कळता. खंयचो उद्या पिकतलो, खंयचो चार दिसांनी."

मामांनी कोट पुन्हा चढवला आणि अर्ज सांगितला. सातवी पास, सात हंगामांचा अनुभव, अक्षर समोर आहेच. आणि मध्ये ते वासाचं वाक्य, जसंच्या तसं मालवणीत. असलं अशुद्ध चालणार नाही, असं मी म्हटलं.

"साहेब देवगडचे आहेत," मामा म्हणाले. "त्यांना कळेल."

मग त्यांनी खणातून आपला पत्ता घातलेलं कोरं कार्ड काढून तिला दिलं. नोकरी लागो न लागो, ते लिहून पाठवायचं, हीच फी.

कुसुम गेल्यावर मी विचारलं, फी अशी कसली? कोट खुंटीवर होता.

"आमच्या पिटराचो अर्ज मियाच लिवलेलो," मामा म्हणाले. पिटर त्यांचा मुलगा. "बरो लिवलेलो. कलकत्त्याक लागलो. दर म्हयन्याक मनीऑर्डर येता. कूपन कोरा, एक अक्षर लिवणा नाय."

चैत्रात मामांनी मला कुंपणावरून हाक मारली. कार्ड आलं होतं. साहेबांनी पाच आंबे पुढे ठेवून वास घ्यायला लावला, कुसुमने सांगितला तसाच एकेक पिकला, आणि नोकरी लागली. मजकूर संपल्यावर कडेच्या पट्टीत उभं लिहिलं होतं: 'दादाला सांगा, मी पैसे भरून जेवते त्या काकूंकडे भात दोनदा मागून घेते.'

मामांनी कोट चढवून बटणं लावली. मग म्हणाले, "मंजूर."

एकूण फी एक कार्ड, किंमत पाच नवे पैसे, बस्त्यांवमामांना पोचली. पुढे कुसुम दर महिन्याला त्यांना एक कार्ड घालू लागली, ते फीमध्ये धरलेलं नाही.