बावीस घरांची टोचणी

पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत बावीस घरं, बावीस नळ आणि एकवीस मोटारी आहेत. नळाला थेट मोटार जोडून पाणी ओढणं बेकायदेशीर आहे, हे सर्वांना मान्य आहे. नळ आठव्या दिवशी येतो. उरलेले सात दिवस आम्ही कायदा काटेकोरपणे पाळतो.

बिनमोटारीचं घर लक्ष्मणरावांचं. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ 'मनाला पटत नाही' एवढ्या किरकोळ कारणावरून मोटार लावत नसत. त्यांच्या नळाला नुसती हवा यायची. मग त्यांच्या पत्नी यमुनाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी आमच्याच दारात हंडा घेऊन उभ्या राहायच्या आणि आम्हाला उगाचच कसंतरी व्हायचं. ऐन नळाच्या दिवशी असं होणं गल्लीच्या प्रकृतीला मानवेना.

सचिव या नात्यानं मी बैठक बोलावली. करमाडला जमीन, इथं तीन मजले आणि गल्लीतली सगळ्यात दणकट मोटार असलेले आप्पासाहेब आमचे अध्यक्ष. ते म्हणाले, "लक्ष्मणरावांना तसंबी लई टोचतं. मग समद्यांचंच त्यांना टोचू द्या की. एकवीस घरांनी झुरायचं कशापायी?"

ठराव एकमतानं मंजूर झाला : 'गल्लीची सदसद्विवेकबुद्धी श्री. लक्ष्मणराव यांच्याकडे वर्ग करण्यात येत आहे.' लक्ष्मणराव भिडस्त. आम्ही सत्काराची शाल पांघरवल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही.

त्यानंतर गल्ली सुखी झाली. शिवराजनं ओटा चार फूट रस्त्यावर घेतला, पण आदल्या दिवशी रीतसर सांगून आला, "काका, उद्या गवंडी यायलेत. तेवढं वाईट वाटून घ्या." मोनिकानं लेकीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा खोटा दाखला काढला. ती म्हणाली, "काका, जरा जास्तच वाटून घ्या. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न हाय." लक्ष्मणराव प्रामाणिक, जेवण टाकून वाईट वाटून घेत. गर्दी वाढली तेव्हा आम्ही सकाळी आठ ते दहा अशी वेळ ठरवून दिली. मोटारी पकडणारं पथक आलं, त्यांना फक्त लक्ष्मणरावांचा नळ दाखवला. 'नमुना तपासणी समाधानकारक' असा शेरा मारून पथक निघालं. त्यातले दोघं जाताना काकांशी पाच मिनिटं खासगीत बोलूनही गेले.

आणि परवा, नळाच्या दिवशी, गल्लीत बाविसाव्या मोटारीचा आवाज आला.

आम्ही धावलो. शिवराज रडवेला झाला होता. "काका, तुम्हीच असं केल्यावर आम्ही कुणाकडं जायचं?"

"हे बेकायदेशीर हाय!" आप्पासाहेब ओरडले. स्वतःच्या मोटारीच्या घरघरीमुळं त्यांना ओरडावंच लागत होतं.

यमुनाबाई हात पुसत बाहेर आल्या. "सहा महिने हा माणूस तुमच्यापायी झुरतोय. गोळ्या वाढल्या यांच्या. अन् मी आपली तुमच्याच दारात हंडा घेऊन उभी! म्हटलं, आणा मोटार. आणली."

"पण लक्ष्मणराव, तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही?" मी विचारलं.

"बटण दाबलं अन् वाट बघत उभा राहिलो," ते हळू आवाजात म्हणाले. "वाटायला पाहिजे होतं. पण नाही हो वाटलं. होतं तेवढं सगळं तुमच्यासाठीच संपलं."

मला एकदम फार वाईट वाटलं. सहा महिन्यांत सवय मोडलेली. आता हे घेऊन कुणाकडं जायचं, तेच कळेना.

तातडीची बैठक झाली. प्रत्येकानं आपापली बुद्धी परत न्यावी, असा ठराव आला. त्याला अनुमोदक मिळाला नाही. नव्या माणसाचा शोध घेतला, पण आता कुणीच शालीला फसेना. शेवटी आप्पासाहेबांनीच तोडगा काढला. "समदं लिवून काढा अन् छापा. वाचणारे लई असत्यात. थोडं थोडं वाटून घेतील."

म्हणून हे लिहिलं. वाचताना लक्ष्मणरावांसाठी तुमचा जीव थोडा जरी तुटला असेल, तरी गल्ली आपली आभारी आहे. आमचं काम झालं. वाईट वाटून झालंच आहे, तर आता तुम्हीही उठा आणि निर्धास्तपणे आपापल्या नळाचं बघा.