चहाच्या ट्रेमधलं बोलतं कार्ड

घरात जराही खुट्ट झालं तरी दामिनीला कळतं! हे अर्थात दामिनीचंच म्हणणं. तीन वर्षांच्या अपेक्षाने खडू तोंडात टाकायच्या आत आईचा हात तिथे पोचलेला असे. त्यामुळे व्हिडिओ ब्रोशर विकण्याचं काम घरून सुरू करताना तिने नवऱ्याला ठणकावून सांगितलं, "साहिल, बघच तू! माझ्या नजरेतून काही सुटत नाही!"

व्हिडिओ ब्रोशर म्हणजे पुस्तकासारखं उघडणारं जाड कार्ड. उघडलं की आतला छोटा पडदा आपोआप बोलायला लागतो! कंपनीने ट्रॅक्टरचा, शाळेचा, फ्लॅटचा आणि प्रसूतिगृहाचा असे नमुने पाठवले होते. सगळी कव्हरं पांढरी, कोरी. गुरुवारी ते इतवारी बाजारातल्या महादेवरावांना दाखवायचे होते. भांड्यांचे ठोक व्यापारी! त्यांची ऑर्डर मिळाली तर दामिनीचं काम पक्कं, नाहीतर कंपनी दुसरं माणूस नेमणार.

सोमवारी सकाळी ती नमुने पुसत होती, तेवढ्यात बाथरूममध्ये बादली धाडकन पडली. हातातलं कार्ड समोरच्या ट्रेमध्ये, सासूबाईंच्या, म्हणजे प्रयागबाईंच्या, चहाच्या कपाशी टेकवून दामिनी धावली. भिजलेल्या अपेक्षाला कोरडं करण्याच्या नादात कार्ड तिच्या डोक्यातून साफ गेलं. बाहेर आली तर प्रयागबाई देव्हाऱ्यासमोर उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

"आई, काय झालं?"

"काही नाही वं. डोळ्यात कचरा गेला."

दोन्ही डोळ्यांत एकदम?

मग सगळं घर बिघडल्यासारखं वागायला लागलं. तिने भाजीची पिशवी उचलली, तर सासूबाई ओरडल्या, "ठेव खाली! काहून उचलून राहिली तू?" पपईची फोड तोंडाशी नेली, तर ताटलीच गायब! वर तुपात थबथबलेला शिरा समोर आला. शेजारच्या गोपिकाकाकू आवळ्याचं लोणचं घेऊन आल्या, तिच्याकडे बघून गोड हसल्या आणि "मी काही बोलत नाही बाप्पा!" म्हणून पळाल्या. एरवी दामिनीने क्षणात ओळखलं असतं. पण केस गळतात म्हणून तिने नुकतंच रक्त तपासून घेतलं होतं, आणि रिपोर्ट साहिलच्या फोनवर आला होता.

"रिपोर्ट काय म्हणतो रे?"

"सगळं नॉर्मल." साहिलने तिचा हात हातात घेतला. "तू टेन्शन घेऊ नको. सगळं आपण मिळून निभावू."

झालं! लग्नाला पाच वर्षं झाली, पण हा माणूस गॅस सिलेंडर संपल्यावरही असं बोलला नव्हता. आपल्याला काहीतरी भयंकर झालंय आणि सगळे लपवताहेत! तिने इंटरनेटवर 'केस गळणे' शोधलं आणि जेमतेम वर्षभराचं आयुष्य उरल्यासारखा चेहरा करून अपेक्षाला कुशीत घेतलं.

गुरुवारी नमुन्यांची पिशवी सासूबाईंनीच भरली, सासूबाईंनीच उचलली आणि त्या ऑटोत शेजारी बसल्या. "हळू चालव गा! खड्डा दिसून नाही राहिला का तुले?" ऑटो इतका हळू चालला, की हातगाड्या पुढे निघून गेल्या.

महादेवरावांनी ट्रॅक्टर पाहिला, शाळा पाहिली, फ्लॅटही पाहिला आणि ढेकर दिली. "मॅडम, मी कढया विकतो. कढई काय बोलणार?"

"थांबा, प्रसूतिगृहाचा नमुना बघा! घरातल्यांच्या मनाला कसा भिडतो ते..." दामिनीने पिशवी उलटी केली. "आई, एक कार्ड कुठं गेलं?"

"ते देव्हाऱ्यात ठेवलं न वं! हळदकुंकू वाहून!"

"देव्हाऱ्यात? काहून?" घाबरून दामिनीही 'का' सोडून सासूबाईंच्या 'काहून'वर आली.

प्रयागबाई लाजल्या. "आता हे चारचौघांत बोलायले लावतेस? गोपिकाच्या सुनेनं नाही का, चहासोबत कार्ड ठेवून गोड बातमी दिली! तूही तसंच ठेवलं. उघडलं तर बाई म्हणते, अभिनंदन, नवा पाहुणा येणार! तीन महिने होईपर्यंत बोलायचं नसते, म्हणून आम्ही सारे चूप!"

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"म्हणजे तुले काही होणार नाही?"

"आई, तो नमुना होता! विकायचा!"

प्रयागबाई मटकन उलट्या पातेल्यावर बसल्या. "अन् त्यातल्या बाळाचे पायमोजे पाहून मी दोन जोड विणले, त्याचं काय?"

महादेवरावांचं पोट हसून हसून गदगदत होतं. "मॅडम, एका कार्डानं सारं घर कामाला लावलं! लग्नाच्या भांड्यांसाठी मला हेच पाहिजे! फक्त कव्हरवर दुकानाचं नाव मोठं टाका. नाहीतर लोक घरी कार्ड पाहून पोरीचं लग्न ठरलं समजतील अन् हॉल बुक करतील!"

ऑर्डर मिळाली! दामिनी तरंगतच दुकानाबाहेर आली. मागून प्रयागबाईंनी जड पिशवी तिच्या हातात कोंबली.

"घे. उचल आता!"

घरी पोचताच त्यांनी तिच्यासमोर अख्खी पपई ठेवली. "खा! पाहिजे तेवढी खा!"

दामिनीने निमूटपणे एक फोड तोंडात टाकली. पपई गोड होती. पण शिऱ्याची सर नव्हती तिला! कार्ड निदान दिवाळीपर्यंत देव्हाऱ्यात राहिलं असतं, तर काय बिघडलं असतं?