गायकवाडकाकांचा बोल्टांचा जिल्हा

भिंगारमधले माझे शेजारी गायकवाडकाका मोटारसायकलच्या बोल्टांना गावांची नावं देतात. गाडी पूर्वेकडे तोंड करून उभी असते, म्हणून पुढचे बोल्ट शेवगाव आणि पाथर्डी. मागचे पारनेर. डावीकडे राहुरी, उजवीकडे श्रीगोंदा. खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांनी गाडीचा नकाशा काढलाय आणि काढलेला प्रत्येक बोल्ट ते त्यावर आपापल्या गावी खुपसून ठेवतात. पहिल्यांदा ते मला "सर, जरा पाथर्डी द्या" म्हणाले, तेव्हा मला वाटलं, काकांना ऊन लागलं.

काकांची सगळी नोकरी लष्कराच्या वर्कशॉपात ट्रक दुरुस्त करण्यात गेली. ट्रकचं बॉनेट उचललं की समोर इंजिन. ही गाडी मात्र त्यांच्या मुलीची, श्वेताची. शर्यतीच्या गाडीसारखी, चहूबाजूंनी प्लॅस्टिकच्या आवरणात बंद. तेलाचा फिल्टर बदलायचा तर आधी बावीस बोल्ट आणि नऊ क्लिपा काढा. त्यातली एक क्लिप हमखास तुटते आणि एक उडून माझ्या अंगणात येते.

"इंजिन हाय का तिजोरी?" काका करवादतात. "ज्यानं जल्मात कधी हात काळं केलं न्हाईत, अशानं बनवलीय ही!"

तरीही काम सुरू करताना त्यांचं वाक्य ठरलेलं: "पाच मिन्टांचं काम हाय, सर." मी शाळेतून घरी येऊन, जेवून, झोप काढून उठतो, तरी पाच मिनिटं चालूच असतात.

श्वेता पुण्याला नोकरी करते. तिथे गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून गाडी इथेच राहिली. महिन्यातून एका रविवारी ती एसटीनं यायची, गाडी काढून चांदबिबी महालापर्यंत चक्कर मारायची, बापाशी वाद घालत जेवायची आणि संध्याकाळी परत जायची. काकू गेल्यापासून त्या घरात तेवढाच काय तो गोंगाट.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. पार्किंग मिळालं होतं. येत्या रविवारी ती गाडी पुण्याला घेऊन जाणार होती.

सोमवारी काकांनी गाडी उघडली. तेल, फिल्टर, चेन, सगळं करून बंद केली. मंगळवारी पुन्हा उघडली. बुधवारीही. मी विचारलं, "काका, काल तर सगळं झालं होतं ना?"

"झालं हुतं. पर मनाला पटंना."

मला काही कळेना. गाडी ठणठणीत, आणि हा माणूस रोज बावीस बोल्ट काढतोय आणि लावतोय.

शुक्रवारी माझ्या हातून घोटाळा झाला. स्कूटर काढायला जागा हवी म्हणून मी काकांची उघडी गाडी फिरवून पश्चिमेकडे तोंड करून लावली. काकांनी पुठ्ठ्याप्रमाणे, दिशा धरून, बोल्ट बसवायला घेतले. राहुरीचा लांब बोल्ट श्रीगोंद्याच्या भोकात गेला आणि टच्च! बोल्ट अडकवायचा प्लॅस्टिकचा कान तुटला.

"सर, तुमी अख्खा जिल्हाच फिरवला की वो!"

मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण काकांनी त्या तड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "आता अशी कशी न्हेणार पोरगी?" आवाजात राग अजिबात नव्हता. उलट जरा हुरूपच होता.

मी मात्र अपराधी. शनिवारी सगळा बाजार पालथा घालून भारीतला गोंद आणला आणि कान असा चिकटवला की तडा शोधून सापडू नये. मोठ्या ऐटीत काकांना दाखवला. "चांगलं झालं," एवढंच म्हणून ते आत गेले. चहासुद्धा विचारला नाही. माझं डोकं चालेना. चिडायचं तेव्हा हा माणूस खुलतो, आणि खुश व्हायचं तेव्हा तोंड पाडतो.

रविवारी श्वेता आली ती हेल्मेट घेऊनच. बटण दाबलं. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, आवाज अगदी गुळगुळीत. काकांनी मान तिरपी केली.

"आवाज येतोय."

"कसला, पप्पा?"

"बारीक हाय. आतनं येतोय. मधी कामरगावचा घाट हाय, अशी न्हेऊ नको. पुढच्या रविवारी ये. तवर बघून ठिवतो."

"अहो काका, कसलाच आवाज..." मी तोंड उघडलं आणि श्वेतानं माझ्याकडे असं पाहिलं, की ते तसंच मिटलं. काका पुसलेलीच टाकी फडक्यानं पुन्हा पुसत होते. वर बघत नव्हते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाईट वाटलं, आणि त्या भारीतल्या गोंदाची लाजही वाटली.

श्वेतानं गाडी बंद केली. हेल्मेट ओट्यावर ठेवलं. मग गुडघ्यावर बसून त्या बंद इंजिनाला तिनं कान लावला, आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"हो पप्पा, येतोय," ती म्हणाली. "मोठंच काम दिसतंय. बरेच रविवार लागतील."