आधी शब्द, मग घोट

त्या दिवशी सकाळी मी एकच साधी गोष्ट ठरवली होती, की आज आपण तोंड उघडायचं नाही. बस, एवढंच. त्यातून पुढे जे रामायण झालं ते सांगते. हसायचं असेल तर माझी पाठ वळल्यावर हसा.

असं ठरवायला कारण माझी नात तेओना. आम्ही जॉर्जियातल्या काखेतीचे, पण पोरगी नोकरीसाठी इटलीत बारीला गेली आणि तिथे तिचं कोसिमो नावाच्या मुलाशी जमलं. मुलगा गुणी आहे. घोडं अडलं होतं बापापाशी. बापाचं नाव ओरोंझो. शहराबाहेर त्याचे स्वतःचे द्राक्षमळे आणि स्वतःचं तळघर. त्याला परमुलखातली सून नको होती. मुलगा हटून बसला तेव्हा म्हणाला, "मुलीच्या माणसांना घेऊन ये. माझी वाईन पुढे ठेवतो. माणूस पेल्यापाशी कसा वागतो ते पाहिलं की मला घराणं कळतं."

तेओनाच्या आईला रजा मिळेना, म्हणून मुलीची माणसं म्हणजे मी, नानुली. आणि मी एकटी परसदारीसुद्धा जात नाही, म्हणून माझ्या दोघी शेजारणी. व्हेनेरा आली ती फुकटची वाईन मिळणार म्हणून, हे तिने विमानातच सांगून टाकलं. लामाराला मी मुद्दाम आणलं. तिने चार वर्षं बारीत एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा केलेली, त्यामुळे तिला तिथली भाषा येते (म्हणजे आम्ही तोवर तसं समजत होतो).

गाडीत तेओना मला म्हणाली, "आजी, तुला माझ्या गळ्याची शपथ. तिथे भाषण करू नकोस. फक्त चाख आणि मान डोलाव."

"मी कधी भाषण करते गं?"

"मामाच्या लग्नात तू बोलायला उभी राहिलीस तेव्हा रस्सा उकळत होता. बसलीस तेव्हा त्यावर चरबी गोठली होती."

(लोक उगीच वाढवून सांगतात. नुसती साय धरली होती.)

पण शपथ ती शपथ. कोसिमोची आत्या स्टेशनवर यायची होती, तेव्हा आम्हाला दारात उतरवून तेओना आणि कोसिमो तिला आणायला गेली. "आलोच," म्हणाली. गाडीला उशीर झालाय हे त्यांना तिथे गेल्यावर कळलं, आणि आम्हाला ते कळायला काही मार्ग नव्हता.

तळघरात लांब टेबल, त्यावर पेले. ओरोंझो ठेंगणा, जाड भुवयांचा. त्याची बायको, माझी होऊ घातलेली विहीण, कोपऱ्यात हात पुसत उभी. त्याने पहिली बाटली उघडली, आमच्या पेल्यांत बोटभर ओतली, स्वतःचा पेला गरगरा फिरवला, काल उरलेलं दूध हुंगावं तसा हुंगला आणि सरळ पिऊन टाकला. एक अक्षर न बोलता.

आम्ही तिघी थिजलो.

आमच्याकडे आधी शब्द, मग घोट. बैठकीचा म्होरक्या उभा राहतो, देवाचं, गेलेल्यांचं, लेकरांचं नाव घेतो, तेव्हा कुठे पेला ओठाला लागतो. न बोलता पितात ती गुरं. आणि पहिला शब्द यजमानाचा. पाहुणीने आपणहून बोलायला उठणं म्हणजे त्याच्या घरात त्यालाच खाली बसवणं. वर माझी शपथ. तेव्हा मी पेला धरून, मान डोलावत, वाट पाहत बसले. दोघी माझ्याकडे बघून तशाच बसल्या.

ओरोंझो आमच्याकडे बघतोय, आम्ही ओरोंझोकडे.

"काही म्हणाला का गं?" मी कुजबुजले.

"घ्या म्हणतोय," लामारा म्हणाली.

"त्याला सांग, आधी तुम्ही बोला."

लामाराने जरा आठवलं आणि म्हातारीला रोज विचारायची ते वाक्य धडाधड म्हटलं. ओरोंझोच्या भुवया वर गेल्या. त्याने बायकोकडे पाहिलं, मग हळूच काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतोय?"

"गुडघा."

"गुडघा? अगं, तू विचारलंस काय?"

"बोला, कुठे दुखतंय. बोला म्हणायचं मला एवढंच येतं."

व्हेनेराने पेला उचलला. "मग गुडघ्याच्या नावाने घेऊया का? त्यालाही बरं वाटेल."

"खाली ठेव," मी म्हटलं.

त्याने आमचे न उष्टावलेले पेले पाहिले, ओठ आवळले आणि दुसरी, जुनी बाटली आणली. पुन्हा तेच. ओतली, हुंगली, प्यायला, आमच्याकडे बघत राहिला. मी डोलावून डोलावून मान आखडून घेतली. बायको त्याच्या कानाशी लागली. त्याने हात झटकला आणि तो आत गेला.

बाहेर आला तो एक बाटली लेकरासारखी छातीशी धरून. तिच्यावरची धूळ स्वतःच्या बाहीने पुसली. बाटलीवर लिहिलेलं साल दाखवलं, मग हात गुडघ्याएवढा खाली नेऊन तान्ह्या पोराला जोजवल्यासारखा हलवला. आम्हाला न सांगता कळलं, ही कोसिमोच्या जन्माच्या वर्षाची.

मी मनात म्हटलं, आता तरी बोलेल. लेकाच्या जन्माची वाईन उघडून कुठला बाप गप्प बसेल?

तो बसला.

एक माशी माझ्या पेल्याच्या काठावर उतरली आणि तिने चाखली. तिला कुणी शपथ घातली नव्हती.

"नानुली, मी मरेन," व्हेनेरा दातांतून म्हणाली.

"मर. पण अशी पिऊ नकोस. पोरीचा संसार पणाला लागलाय."

ओरोंझोने सावकाश बूच परत लावलं. बायकोला दोन शब्द बोलला. लामाराचा चेहरा उतरला.

"काय गं?"

"‘संपलं’ म्हणाला. हा शब्द मला पक्का येतो."

तेवढ्यात विहीण, बिचारीला आमची दया आली असावी, तबक घेऊन आली. त्यात पावाचे तुकडे आणि इवले पेले, आत सोनेरी, किंचित हिरवट काहीतरी. आमची घरची वाईन अशीच सोनेरी असते. मला वाटलं, हा निरोपाचा पेला. हाही असाच ठेवून उठलो तर माझी तेओना आयुष्यभर रडणार. मी शपथ बाजूला ठेवली, पेला घेतला आणि उभी राहिले.

मग मी बोलले. ज्यांनी हे वेल लावले आणि आता त्यांच्याच मुळांशी निजलेत त्यांच्यासाठी बोलले. या घराच्या चुलीसाठी, लेकराचा पाळणा हलवलेल्या हातांसाठी, पोरांच्या जोडीसाठी बोलले. लामारा शेजारी उभी राहून जमेल तसं भाषांतर करत होती. "मेलेले सगळे. पोरं सगळी. दुखणं नको. रात्री झोप लागो."

ओरोंझो उठला. त्याने टोपी काढली. तो कोपऱ्यातल्या एका जुन्या फोटोकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. विहीण मात्र सारखी माझ्यापुढे पाव धरून काहीतरी सांगायला बघत होती. मला वाटलं, आग्रह करतेय.

"पोरांसाठी, तळापर्यंत," मी म्हटलं आणि पेला रिकामा केला.

ते ऑलिव्हचं तेल होतं. पाव त्यात बुडवायला होता.

घशातून खाली जाईना आणि वरही येईना. जीभ जागेवर थांबेना. पण पोरांच्या नावाने प्यायल्यावर तोंड वाकडं करायचं नसतं, तेव्हा मी हसले. लामारा प्यायली. व्हेनेरा, सकाळपासून तहानलेली, एका दमात प्यायली आणि मग तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी मेल्यावरही विसरणार नाही. ओरोंझोने आमचे तीन रिकामे पेले पाहिले, तबकातला एक स्वतः उचलला, छातीवर क्रूसाची खूण केली आणि तोही तळापर्यंत प्यायला.

तेओना आणि कोसिमो आत्याला घेऊन धावत आली तेव्हा आम्ही चौघं ओळीने बसलो होतो, गप्प, ओठ चकाकत. ओरोंझो उठला आणि त्याने तेओनाच्या डोक्यावर हात ठेवला.

"आजी, वाईन कशी होती?" तिने हळूच विचारलं.

"छान," मी म्हटलं. "जरा गुळगुळीत."

द्राक्षतोडणी झाल्यावर लग्न लागलं. कोसिमोच्या वर्षाची वाईन सगळ्यांच्या पेल्यांत ओतली आणि तिचा वास माझ्यापर्यंत आला. मी पेला पुढे केला. ओरोंझोने तो अदबीने बाजूला सरकवला. जॉर्जियात सोयरीक तेलाने पक्की करतात, असं तो गावभर सांगत सुटला होता, आणि खास माझ्यासाठी त्याने नव्या घाण्यातल्या तेलाची पहिली बाटली राखून ठेवली होती. मग तो उभा राहिला आणि तेओनाकडून पाठ केलेलं बोलला, आमच्या भाषेत, "पोरांसाठी, तळापर्यंत."

भाषण अगदी छोटं होतं. पेला या खेपेला मोठा होता.