शनिवारची काडी

एलिएझर आपटेकर शुक्रवारी रांधलेली गार आमटी भातावर ओतून घेत होते, तेवढ्यात शनिवारी त्यांच्या जागी राखण करणारा काशीराम दारात उभा राहिला. "भाऊ, मुंबयचा शेट आलाय. तुमाला न्यायला मोटार धाडलीय."

आमटीची वाटी आपटेकरांच्या हातातच राहिली. "ते सोमवारी येणार होते ना?"

"मंग सोमवारी या म्हनून सांगू?"

आतून त्यांच्या बायकोचा, सिप्पोराबाईंचा, शांत आवाज आला, "जा. काय तो निकाल लागू दे. ट्रंक अर्धी भरून झालीय माझी."

पनवेलबाहेर, खाडीच्या अंगाला, मोटारींचा कारखाना चार वर्षांपासून बंद होता. परदेशातून पेटाऱ्यांत येणारे सुटे भाग तिथे जोडले जात. परवाना संपला आणि पेटारे यायचे थांबले. मागे उरली एक प्रचंड पत्र्याची शेड, छताखालून गेलेली लांबलचक साखळी आणि एके काळचे भांडारप्रमुख, आता नुसते राखणदार, आपटेकर. त्या जागी दिनानाथशेट आगकाड्यांचा कारखाना काढणार होते. जागा पसंत पडली तर गावातल्या पोरांना काम आणि आपटेकरांना भांडार मिळणार होते. नाही पडली तर शेड भंगारात जाणार होती आणि आपटेकर बोटीवर. सिप्पोराबाईंचे दोन्ही भाऊ इस्रायलला जाऊन स्थिरावले होते आणि "दिवाळीपर्यंत काही ठरलं नाही तर आपणही निघू," असा शब्द आपटेकर देऊन बसले होते. खरे तर त्यांना कुठेच जायचे नव्हते. त्या रित्या शेडमध्ये उतरणारी दुपार, गंजावरून सावकाश सरकणारे ऊन, यांवर त्यांचा जीव जडला होता.

पण आज शनिवार, यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, शब्बाथ होता. शब्बाथला वाहनात बसायचे नाही, विस्तवाला हात लावायचा नाही, हे त्यांनी जन्मभर पाळले होते. म्हणून पुढे आपटेकर पायी, मागे त्यांच्या चालीने रांगणारी मोटार आणि मोटारीत मागच्या गादीवर एकटा काशीराम, अशी वरात बाजारातून निघाली. लोक काशीरामाला रामराम घालत होते. तोही मान हलवून तो स्वीकारत होता.

फाटकाशी दिनानाथशेट घड्याळ पाहत उभे होते. शेडची किल्ली शनिवारपुरती काशीरामाकडे असे. तो मोटारीतून उतरला आणि कमरेला हात लावून म्हणाला, "किल्ली घरी रायली वाटतं."

"मग कमरेला वाजतंय ते काय?" आपटेकर म्हणाले.

काशीरामाने नाइलाजाने कुलूप काढले. दार करकरले आणि आतून जो वास आला, त्याने शेटजी दोन पावले मागे सरले. जिथून मोटारींचे सांगाडे एकामागून एक पुढे सरकत, त्या साखळीला टोकापासून टोकापर्यंत बोंबील लटकले होते. रुपेरी, निश्चल, जणू एखादा समुद्र आपले शेवटचे वाक्य अर्धवट टाकून निघून गेला होता. मागचे दार उघडे टाकून काशीरामाची बायको जनी खाली सुकट पसरत होती.

रविवारी शेडमध्ये येणारा उग्र दर्प हा खाडीवरच्या वाऱ्याचा आहे, असे आपटेकर चार वर्षे मानत आले होते. त्या दर्पाने ते कित्येकदा व्याकूळही झाले होते.

"काशीराम, हे काय आहे?"

"करंज्याच्या बंदरातला माल हाय, भाऊ. शनवारीच घालतो. तुमचा सन मोडत नाय."

नाकाला रुमाल लावून शेटजी कचेरीच्या कोपऱ्यात शिरले. कपाटात एक काडेपेटी होती. "ही कधीची?"

"आषाढापासून तिथेच आहे," आपटेकर म्हणाले.

"उत्तम. काड्यांचा वैरी म्हणजे दमट हवा. ओढा बघू एक."

आपटेकरांचे हात पाठीमागे गेले. "आज शनिवार आहे. आज मी काडी ओढत नाही."

"का? पेटणार नाही हे ठाऊक आहे म्हणून?"

"तसं नाही. आमचा धर्म..."

"आगकाड्यांच्या कारखान्यावर मी काडी न ओढणारा माणूस नेमू?"

"बाकीचे सहा दिवस ओढतो."

"आनाऽ, मी वडतो," म्हणत काशीराम पुढे झाला. त्याने नुकतीच सुकटीची ओली पाटी बाजूला सारली होती. पहिली काडी फुसफुसली, दुसरीचे डोके गळून पडले, तिसरीने नुसती एक काळी रेघ ओढली. शेटजींनी टोपी सारखी केली. "ओल आहे. निघतो मी."

ते वळले, तो पाय नेमका सुकटीवर पडला.

"अवो शेट," जनी कमरेवर हात ठेवून उठली, "माझा माल तुडवलाव, तो तुडवलाव, वर ओल म्हनताव? ह्यांचे हात वले हायत, शेड नाय. हा बगा." तिने साखळीवरचा एक बोंबील ओढला आणि शेटजींच्या कानाशी नेऊन कडकन मोडला. "भायेर तीन दिस लागतात. आत पत्र्याखाली सकाली घातला का दुपारला असा."

शेटजींनी रुमाल नाकावरून काढला. स्वतः एक बोंबील मोडला. मग दुसरा. मग हात कोरडे पुसून त्याच पेटीतली काडी ओढली. ती अशी भडकली, की त्यांनी दचकून फुंकली.

"जागा घेतली," ते म्हणाले. "आपटेकर, भांडार तुमच्याकडे. पण कामगार येणार म्हणजे हे..."

"शनवारची सुट्टी ठेवा," जनी म्हणाली. "आमी बोंबील घालू, तुमाला ओलीचा पत्ता लागंल. फुकाट."

शेटजींनी क्षणभर विचार करून मान डोलावली. मोझेसच्या काळापासून चालत आलेली शब्बाथची सुट्टी त्या कारखान्याला अशी बोंबलांच्या पुण्याईने मिळाली.

संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसल्या, शब्बाथ सरला. सिप्पोराबाईंनी सगळे ऐकून घेतले होते. आपटेकर चुलीवरच्या फळीवरची काडेपेटी घेऊन दिवा लावायला बसले. एक काडी मोडली. दुसरी पेटली नाही. तिसरीही नाही.

"अख्ख्या घरालाच ओल आहे," ते पुटपुटले.

सिप्पोराबाई अंधारातच उठल्या. ट्रंकेची कडी वाजली. तांब्याच्या पातेल्यातून, गुंडाळलेल्या लुगड्याच्या घडीतून त्यांनी एक काडेपेटी काढली. "इस्रायलला मिळेल न मिळेल, म्हणून ठेवली होती," त्या म्हणाल्या.

पहिल्याच काडीला दिवा लागला. आपटेकर ज्योतीकडे पाहत राहिले. पाठीमागे सिप्पोराबाईंनी पातेले चुलीपाशी आणून ठेवले आणि मग पुन्हा ट्रंकेकडे जात म्हणाल्या, "दिवा जरा इकडं धरा. खाली ताटं आहेत, तीही काढायचीत."