एडनला मृग लागला

पाऊस आपल्याला आठ दिवस आधी कळतो, असं चेंदणीच्या भिवाचं ठाम मत होतं!

"कुलाब्याला साहेब पाऊस कळावा म्हनून काचेच्या नळ्या बघत बसतो," तो म्हणायचा. "मला नळी कशाला? माझं नाक हाय ना!"

ठाण्याच्या खाडीकाठी भिवाचं वडिलोपार्जित मिठागर होतं. मृगाच्या तोंडावर तो बांधावर उभा राहायचा, बोकडासारखं नाक वर करून हवा हुंगायचा आणि आरोळी ठोकायचा, "शाकारा रं!" की मिठाच्या राशींवर भराभर गवत चढायचं आणि वर्षाची मेहनत पावसात विरघळण्याआधी झाकली जायची. मग भिवा मजुरांना निरोप द्यायचा. "जा, आपापल्या भाताला लागा. आता भेट कोजागिरीला!"

तसं पाहिलं तर ज्येष्ठात "पाऊस येणार" म्हणायला नाक लागत नाही, पंचांग पुरतं. पण हे शहाणपण भिवाला फार पुढे सुचलं. म्हातारपणी ही सगळी हकीगत तो स्वतःच सांगायचा, आणि ऐकणाऱ्यांच्या आधी स्वतःच हसत सुटायचा.

त्या काळी, म्हणजे सन अठराशे नव्वदच्या आगेमागे, सरकारने खाडीकाठची बारकी मिठागरं बंद केली. त्यात भिवाचंही गेलं. आठ दिवस आधी पाऊस ओळखणाऱ्या नाकाला सरकारी हुकमाचा वास काही आला नाही! हातात काम नाही म्हटल्यावर बायको आवडा त्याला घेऊन आंबिवलीला माहेरी आली आणि भिवा झाला घरजावई.

सासरे काळुराम म्हणजे मिशाळ गृहस्थ. घरात भात होता, दारात सहा म्हशी होत्या आणि जिभेला हाड नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खुंटीवरचा दोर काढून जावयाच्या हातात दिला.

"जावईबापू, मीठ पिकवलंत ते लय झालं. आता म्हशी धुवा."

"मामा, मी आगरी मानूस. मला म्हशीतलं काय कळतं?"

"मग तुमची नि म्हशीची बरोबरीच झाली. तिला तरी तुमच्यातलं काय कळतं?"

रोज सकाळी भिवा सहा म्हशी घेऊन नदीवर निघाला की त्याच्या नाकाची कीर्ती ऐकलेले पारावरचे लोक विचारायचे, "काय पाटील, पाऊस कधी?" आवडा खाली मान घालून शेण थापत राहायची. नवऱ्याची थट्टा तिला लागत होती, आणि तिची खाली गेलेली मान भिवाला लागत होती.

अशात खबर आली. समुद्रापल्याड एडन बंदरात कुणा गोऱ्या साहेबाने मिठागर काढलं होतं आणि त्याला मीठ कळणारा मुकादम हवा होता. पहिला हंगाम पारखून बघायचा. काम पसंत पडलं तर कायमची नोकरी, राहायला खोली आणि बायकोला बोलावून घ्यायची मुभा. नापसंत पडलं तर पहिल्या बोटीने घरी.

"मी जातो," भिवा म्हणाला.

"एकलेच?" आवडाने विचारलं.

"वर्षात तुला बोलावतो. तोवर तेवढं सोस."

काळुरामांनी मिशीवर ताव दिला. "जावा, जावा! तुमचा दोर खुंटीवरच ठेवतो. कुनाला हात लावू देनार नाय!"

भिवा गेला. जन्मभर खाडीत होडी वल्हवलेला हा बहाद्दर बोटीत बसला तो लगेच आडवा झाला, आणि दहा दिवसांनी एडनला उभा राहिला.

तिथे बघतो तर काय! डोंगर काळे ठिक्कर, जमीन भाजलेली, आणि हिरवं म्हणाल तर औषधालासुद्धा पान नाही. खाऱ्या पाण्याला मात्र तोटा नव्हता. कापडी शिडांच्या पवनचक्क्या समुद्राचं पाणी वर ओढायच्या आणि मोठमोठ्या वाफ्यांत सोडायच्या. हाताखाली चाळीस अरब मजूर. त्यांची भाषा याला येत नव्हती, याची त्यांना येत नव्हती. मध्ये दुभाषी होता तो ठाण्याच्याच नौपाड्याचा श्रीपादराव कारकून, तिथे कचेरीत लागलेला.

पण मिठाला भाषा लागत नाही. वाफ्यात पाणी किती ठेवायचं, मीठ कधी ओढायचं, हे भिवाने हाताने करून दाखवलं. चार महिन्यांत मोगऱ्यासारख्या शुभ्र मिठाच्या बारा राशी उभ्या राहिल्या. ते मीठ न्यायला पंधरवड्याने जहाज येणार होतं. साहेब खूश!

"जहाज भरलं की तुझी नोकरी पक्की झालीच म्हण," श्रीपादराव म्हणाले आणि दोन दिवसांसाठी बंदरावर कचेरीच्या कामाला गेले.

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी दुपारी भिवाचं नाक जागं झालं!

महिना ज्येष्ठ. वारा नैर्ऋत्येचा. अंगाची काहिली. भिवाने क्षितिजाकडे पाहिलं तर तिथे काळीभोर भिंत उभी! ठाण्याला अशी भिंत दिसली की घटकाभरात आभाळ फाटतं. बारा राशी, नोकरी, आवडा आणि खुंटीवरचा दोर, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गरगरलं.

"शाकारा रं!" तो ओरडला.

चाळीस अरब त्याच्याकडे बघत राहिले. भिवाने हातवारे करून आभाळ दाखवलं, राशी दाखवल्या, झाका म्हणून खूण केली. पण झाकायचं कशाने? अख्ख्या एडनात गवताची काडी नाही!

"दिसंल ते आना!"

आधी चटया आल्या. मग पवनचक्क्यांची शिडं उतरली आणि चक्क्या सोललेल्या छत्रीसारख्या उघड्या पडल्या. साहेबाच्या मडमेचे पडदे आले. तिची जाळीदार मेजचादर आली, ती भिवाने दुहेरी घडी करून घातली, गळायला नको म्हणून! तरी एक रास उघडी राहिली. तेव्हा दहा जणांनी साहेबाचा तंबू खुंट्यांसकट उपटला. आत साहेब खाटेवर दुपारची झोप घेत होता. त्याच्या डोक्यावरून तंबू इतक्या अलगद गेला की त्याने कूससुद्धा बदलली नाही!

राशी झाकल्या गेल्या. भिवाने घाम पुसला आणि बापजाद्यांच्या रिवाजाप्रमाणे मजुरांना निरोप दिला. पाऊस लागला की मिठागर बंद, हे का सांगायला हवं? त्याने हात हलवून "घरी जा" म्हणून खुणावलं, वाळूत मोठा वाटोळा चंद्र काढला आणि बजावलं, "कोजागिरीला या!"

फुकटची सुटी कोण सोडतो? मिनिटभरात चाळीसच्या चाळीस जण पसार!

मग ती काळी भिंत आली. तिच्यात पाण्याचा थेंब नव्हता. होती ती नुसती धूळ! लाल, तापलेली, भुतासारखी घोंघावणारी धूळ! शिडं उडाली, चटया उडाल्या, मडमेचे पडदे समुद्राकडे निघाले. आणि उघड्या माळावर खाटेवर उठून बसलेला साहेब कुंकवाच्या करंड्यातून काढलेल्या गणपतीसारखा दिसू लागला.

दुसऱ्या दिवशी श्रीपादराव परतले. साहेब अर्धा तास बोलला. श्रीपादरावांनी त्याचं भाषांतर चार शब्दांत केलं.

"भिवा, हे काय केलंस?"

"भाऊसाहेब, मृग लागला व्हता."

"अरे, कुठे?"

"पंचांगात."

श्रीपादरावांनी कपाळाला हात लावला. "इथे शेवटचा पाऊस तीन वर्षांपूर्वी पडला. तोही पाव तास! लोक पोराबाळांना घेऊन बघायला बाहेर आले होते."

भिवाचं तोंड मिठागरात वाळत घातल्यासारखं झालं. मग साहेब काठी टेकत राशींकडे गेला. पाच राशींवरचं उडालं होतं, त्या विटांसारख्या लाल झाल्या होत्या. पण ज्या सातांवर पांघरूण टिकलं होतं, त्यांच्यावरचं कापड उचललं तर आत मोगरा! मेजचादरीखालची रास तर जशीच्या तशी. साहेबाने चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून पाहिलं. मग थोडकं बोलला.

"साहेब म्हणतो," श्रीपादरावांनी सांगितलं, "की वेडा आहेस की शहाणा, हे त्याला ठरवता येत नाही. जहाज यायच्या आत चाळीस माणसं परत आण, म्हणजे शहाणा. नाही तर त्याच जहाजाने घरी जा. कुठे गेलीत ती?"

"गावाला."

"कधी येणार?"

भिवा अगदी बारीक आवाजात म्हणाला, "कोजागिरीला."

पुढचे पाच दिवस भिवा गाठोडं बांधून बसला होता. डोळे मिटले की सहा म्हशी रांगेत उभ्या दिसायच्या, आणि सगळ्यांना काळुरामांसारख्या मिशा! आवडाला काय तोंड दाखवणार होता तो?

सहाव्या दिवशी सकाळी बघतो तर दारात चाळीसच्या चाळीस जण हजर! त्यांना कोजागिरी काय ठाऊक? वाळूत वाटोळा चंद्र बघितला होता, आदल्या रात्री आभाळात वाटोळा चंद्र दिसला, आले! भिवाने एकेकाला मिठी मारली. जहाज वेळेवर भरलं. नोकरी पक्की झाली. पुढल्या साली आवडा बोटीतून उतरली, ती ताठ मानेने. आणि दरवर्षी मृगाच्या सुमारास चाळीस दाढीवाले भिवापुढे उभे राहून आशेने विचारायचे, "कोजागिरी? कोजागिरी?"

नऊ वर्षं एडनला काढून भिवा मुकादम सहकुटुंब रजेवर आंबिवलीला आला. डोक्याला फेटा, पायात बूट. पारावरचे लोक उठून उभे राहिले. काळुरामसुद्धा "या मुकादम!" म्हणाले. शाकारणीचे दिवस होते, घरावरची कौलं उतरवून नवी चढवायची होती.

"मुकादम," काळुरामांनी विचारलं, "पलीकडं काळं दिसतंय. आज सगळी कौलं उतरवू का दोन दिस थांबू?"

भिवाने नाक वर केलं. नऊ वर्षांच्या अनुभवाने हवा हुंगली आणि हसला.

"उतरवा मामा, बिनघोर उतरवा! ती नुसती धूळ हाय!"

शेवटचं कौल खाली आलं आणि आभाळ फाटलं. घटकाभरात कणगीतलं भात, गोधड्या, चूल आणि सासूबाई, सगळं चिंब! बिनछपराच्या घरात मिशांतून पाणी गाळत काळुराम उभे होते. मग ते शांतपणे खुंटीकडे गेले, नऊ वर्षं कुणाला हात लावू न दिलेला दोर काढला, पिळला आणि मुकादमांच्या हातात दिला.