पश्चिमेची काच

कुलथे सर कुठल्याही इमारतीत शिरले की आधी भिंतीला गाल लावतात. माणसांशी नंतर बोलतात. आजारी लेकराच्या कपाळाला आई गाल लावते तसे डोळे मिटून उभे राहतात आणि निकाल देतात, "हिला ताप हाय." एका लग्नात ते मंगल कार्यालयाच्या भिंतीला असेच चिकटले, तर नवरीच्या मामाला वाटलं पाहुण्याला चक्कर आली. तो धावत पाणी घेऊन आला. सर म्हणाले, "मला नको, भिंतीवर मारा."

सर आमच्या विद्यापीठ उपकेंद्रात भौतिकशास्त्र शिकवतात. मी तिथंच तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. रिकाम्या वर्गात पंखा फिरताना दिसला की सर दारातून खुर्च्यांना विचारतात, "कावून बायांनो, घाम आला का?"

उपकेंद्र तेलगावच्या पुढं, कापसाच्या रानात. नव्या वाचनालयाची पश्चिमेची आख्खी भिंत काचेची झाली, कारण बांधकाम समितीचे अध्यक्ष अण्णा यांना इमारत पुण्यासारखी दिसायला हवी होती. ही पुण्यासारखं दिसण्याची हौस मला मुळातूनच मान्य नाही. ऊन बीडचं आणि काच पुण्याची, हा कुठला न्याय? एसी लावू म्हणाले. एसी आले, पण विजेचा डीपी त्यांचा भार सोसेना. भोगत होत्या पोरी. बहुतेकींचे आईबाप ऊसतोडीला जाणारे, घरं पत्र्याची. भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करायला त्यांना दुसरी जागा नव्हती. वडवणीहून एसटीनं येणारी सुनीता तर वाचनालयात छत्री उघडून बसायची.

मी एक जळजळीत पत्रक लिहिलं. सरांनी वाचून परत दिलं. "लई गरम हाय हे. आधीच काय कमी हाय का?"

त्यांनी स्वतः काय केलं, तर सत्कार समिती मागून घेतली. राहून गेलेल्या लोकार्पणाचा कार्यक्रम एप्रिलमध्ये, त्याच काचेच्या दालनात, भर दुपारी तीनला ठेवला. आमच्याकडं पाहुण्यांचा सत्कार विभागवार होतो. एखादा विभाग वगळला तर तो वर्षभर रुसून बसतो. अण्णांना फेटा बांधला. मग मराठीची शाल, तिच्यावर इतिहासाची शाल. अण्णा शाल काढायला गेले की सर माइकवरून विनवायचे, "राहू द्या अण्णा, फोटो व्हायचाय." काचेतून ऊन थेट मंचावर. चौथ्या शालीला फेट्याचा रंग अण्णांच्या कपाळावरून ओघळायला लागला.

"सर, ही काच कुणी लावली ओ?" अण्णा दबक्या आवाजात म्हणाले.

"तुमीच म्हणलाव, पुण्यासारखं पाहिजे."

"अजून किती विभाग हायत?"

"रसायनशास्त्र उभं हाय. त्याच्या मागं वाणिज्य."

अण्णांनी हात जोडले. "त्यांना म्हणावं, शाल आमाला पोचली." मग त्यांनी समोर बसलेल्या पोरींकडं पाहिलं. "सर, या रोज हितं कशा बसत्यात?"

"छत्री घेऊन बसत्यात."

अण्णांनी माइक ओढला आणि काच काढायचा हुकूम दिला. टाळ्या सुनीतानं सुरू केल्या.

वर्षभरात काचेच्या जागी विटांची जाळी आली, बाहेर व्हरांडा, वर गरम हवा निघून जायला झरोके. काढलेल्या काचा नोटीस बोर्डांना लागल्या. आता मे महिन्यातही वाचनालय भरलेलं असतं आणि निम्मे दिवे-पंखे बंद असतात.

सुट्टी लागली तरी सर रोज दुपारी येतात. कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसतात. हातात पुस्तक नाही. झोपलेत असं वाटतं, पण झोपलेले नसतात. एकदा व्हरांड्यात गाठून मी विचारलं, "सर, घर लई तापतंय का तुमचं?"

"घर? एक नंबर हाय. मीच बांधलंय." मग ते जाळीकडं वळले. "आमची मंडळी लई वाचायची. दुपारभर. मी आपला शेजारी पडून पान उलटल्याचं ऐकायचो. ती गेल्यापासून तिथं काईच वाजत न्हाई."

आत पोरी वाचत होत्या. सर जाऊन खुर्चीत बसले, डोळे मिटले. मी कपाटातून हाताला लागलं ते पुस्तक काढलं, त्यांच्या शेजारी बसलो आणि पानं जरा मोठ्यानंच उलटू लागलो.